रुमालात पडलेले पैसे कुठल्या बिलाला जातात?

जुम्म्याची नमाज संपली की बऱ्याचदा मशिदीच्या दारात एक रुमाल अंथरलेला दिसतो. इमामसाहेबांनी सांगितलेलं असतं, "एक भाई दवाखान्यात अ‍ॅडमिट आहेत, ऑपरेशन आहे, अल्लाहच्या वास्ते मदत करा." लोक देतात. कुणी दहा, कुणी पन्नास, एखादा पाचशेची नोट घडी करून ठेवतो. आपल्या मोहल्ल्यांची ही चांगली सवय आहे आणि ती टिकायलाच हवी.

दोन वर्षांपूर्वी असाच एक रुमाल माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांसाठी अंथरला गेला. वडील आठवडी बाजारांत भांडी विकायचे. छातीत दुखलं, बस स्टँडजवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तिथून जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या खासगी दवाखान्यात. अँजिओप्लास्टी झाली. बिल पावणेदोन लाख. रुमालात जमले बावीस हजार. बाकी आईचं सोनं आणि शेकडा पाच रुपये महिना व्याजाचं कर्ज. वडील वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण आठवीतला मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही. एका गॅरेजवर पाने उचलून देताना दिसला.

नंतर कळलं ते असं. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. त्याच शहरात योजनेला जोडलेलं दुसरं रुग्णालय होतं. ज्या दवाखान्यात नेलं तिथं योजना नव्हती, आणि "इथं योजना आहे का?" हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्या घरच्यांनी विचारला नाही, सोबत गेलेल्या आम्ही चार शिकलेल्या माणसांनीही विचारला नाही. मी त्या चौघांत होतो, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

मोफत म्हणजे किती रुपये?

आधी कागदावर काय आहे ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळे उपचार नि:शुल्क आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. बाळंतपणासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, आणायची-सोडायची गाडी, कशालाच पैसे नाहीत. मोठ्या आजारांसाठी फुले योजना आहे. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. आधी दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयाने ती वर्षाला एका कुटुंबामागे ५ लाख झाली आणि रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं हा भेदही गेला. तेराशेहून जास्त उपचार तिच्यात आहेत.

मग गरीब माणूस कर्जात का जातो?

कारण मोफत उपचारापर्यंत पोहोचणं मोफत नाही. आपल्या गावातून सुरुवात करा. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी निकष आहे. त्यानंतर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मेडिकल कॉलेज, म्हणजे मराठवाड्यातल्या बऱ्याच लोकांसाठी औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) घाटी. प्रत्येक पायरीवर एक चिठ्ठी मिळते, "पुढे दाखवा". डॉक्टरांसाठी ती चिठ्ठी आहे. मजुरासाठी तो एक बुडालेला दिवस आहे.

साधा हिशेब मांडू. समजा, एका मिस्त्रीची रोजी ५०० रुपये. बायको कापूस वेचायला जाते, तिला ३०० मिळतात. तो आजारी आहे, ती सोबत जाते. दोघांची रोजी गेली, ८००. एस.टी.चं जाऊन-येऊन त्याचं तिकीट १२०. तिचं अर्धं, ६०, कारण मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मं भाडं आहे. चहा-नाश्ता, रिक्षा धरून १५०. झाले ११३०. केसपेपर शून्य, डॉक्टर शून्य, गोळ्या शून्य, तरी ११३०. आता सोनोग्राफीसाठी "मंगळवारी या" आणि रिपोर्ट दाखवायला "शुक्रवारी या". तीन फेऱ्यांत ३३९० रुपये गेले आणि इलाज अजून सुरू झालेला नाही. तोच माणूस चौकातल्या खासगी डॉक्टरकडे गेला तर दोनशे-तीनशे रुपयांत सुई टोचून संध्याकाळी कामावर जातो. बाहेरून बघणारा म्हणतो, "या लोकांना सरकारी दवाखान्याची किंमत नाही." अहो, त्यांना किंमत बरोबर कळलेली असते.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिथं आजार जास्त तिथं चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जिथं गरज कमी तिथं सेवा भरपूर. सेवा बाजाराच्या हवाली केली की हे उलटं गणित आणखी वाढतं. त्यांनी हे आपल्या तालुक्याकडे बघून लिहिलं नव्हतं, पण आपल्या जिल्ह्याच्या शहरात एका रस्त्यावर किती सोनोग्राफी सेंटर आहेत ते मोजा आणि मग आपल्या सर्कलच्या गावांत मोजा.

आपल्या घरांत हे जास्त का बोचतं

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यातलं सरकारी नोकऱ्यांचं आणि शिक्षणाचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, आरोग्याबद्दलचं फारसं कुणी वाचत नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या गावांत वैद्यकीय सोयींची उणीव अधिक दिसली. दुसरी ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. गरिबी असूनही मुस्लिम घरांत बालमृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आढळलं. म्हणजे "आपल्या लोकांना मुलांची काळजी नाही" हे जे बोललं जातं, आपल्यातलेच काही शिकलेले लोकही बोलतात, त्याला आधार नाही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती दवाखान्याशी सरळ जोडलेली आहे. आपल्यात पगारी नोकरी कमी, स्वत:चा धंदा जास्त. गाडा, गॅरेज, शिलाई मशीन, ड्रायव्हिंग, भंगार, चिकन शॉप. पगारदाराला आजारपणाची रजा असते, कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयचं कार्ड असतं. गाडेवाल्याचा गाडा उभा राहिला की त्या दिवशी चूलही थंड. म्हणून वरच्या हिशेबातले ८०० रुपये त्याला बिलापेक्षा जास्त बोचतात. (बांधकामावरचे मिस्त्री, फरशीवाले, रंगारी यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्यावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वैद्यकीय मदत तिथंही मिळते.)

बायकांचं दुखणं तर मोजलंच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होतं. म्हणजे वाढलं. आमच्याकडची एखादी खाला वर्षभर चक्कर येते म्हणत राहते. दवाखान्यात बाई डॉक्टर नसते, शोहर ड्रायव्हर म्हणून बाहेरगावी, सोबत कोण जाणार, लेकरं कुणाकडे ठेवणार? पडद्याचं कारण लोक पटकन पुढे करतात. माझ्या अनुभवात सोबतीचं आणि पैशांचं कारण त्याच्याही आधी असतं. गरोदर बायकांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी व्हावी हाच तिचा हेतू आहे. कॅलेंडरवर ९ तारखेला गोल करून ठेवला तरी एक फेरी वाचते.

'शेख' आधी की नंतर

आता ज्या कागदी कारणाने आपली माणसं योजनेच्या खिडकीवरून परत येतात, त्याबद्दल. हे मी शिक्षक म्हणून रोज बघतो.

मराठी फॉर्मवर तीन रकाने असतात. स्वत:चं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. आपली नावं या तीन डब्यांसाठी बनलेलीच नाहीत. आपल्याकडे 'शेख' आणि 'सय्यद' पुढे येतात, पठाणाचं 'खान' मागे येतं, बाईचं 'बी' किंवा 'बेगम' तिच्या नावालाच चिकटलेलं असतं. घरात नाव उर्दूत ठेवलं, ग्रामसेवकाने मराठीत लिहिलं, आधारच्या ऑपरेटरने इंग्रजीत टाइप केलं. परिणाम असा, की रेशनकार्डावर 'शेख' सुरुवातीला, आधारवर शेवटी, शाळेच्या दाखल्यावर 'शेक', बँकेत 'शैख'. बाई माहेरी 'परवीन', सासरी 'बेगम', मतदार यादीत 'बी'. माणूस एकच, कागद मात्र चार वेगळ्या माणसांचे. लग्न होऊन आठ-आठ वर्षं झालेल्या सुनांचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात असतं. कुणाला आठवणच नसते, आणि आठवण येते ती सिझेरियनच्या रात्री.

फुले योजनेत रुग्णाची ओळख रेशनकार्ड आणि फोटो असलेल्या ओळखपत्रावर पटवली जाते. दोन्हींवरचं नाव जुळलं नाही की खिडकीवरचा माणूस म्हणतो, "आधी दुरुस्त करून आणा." तालुक्याला तहसीलमध्ये एक चक्कर, आधार केंद्रावर एक चक्कर. रुग्ण तोपर्यंत पलंगावर. मग घरचे म्हणतात, जाऊ दे, पैसे भरू.

तेव्हा हे काम आजारी पडण्याआधी करायचं आहे. या रविवारी घरातली सगळी कागदपत्रं चटईवर पसरा आणि प्रत्येक माणसाचं नाव ओळीने तपासा. पण घाईत आधार बदलायला जाऊ नका. आधारवर नाव सामान्यपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. जन्मतारीख तर एकदाच. म्हणून आधी घरात बसून ठरवा की नाव कसं लिहायचं, 'शेख' कुठे ठेवायचं, 'बेगम' ठेवायचं की काढायचं. मुलांच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून सासरच्या कार्डात घ्या. आणि पालकांनो, पहिलीत नाव घालताना आम्हा शिक्षकांना "तुम्हीच लिहा सर" असं म्हणू नका. आम्ही जे लिहू ते त्या लेकराच्या मागे साठ वर्षं फिरतं.

दवाखान्याच्या दारात

योजनेला जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. त्याचं टेबल शोधा. अ‍ॅडमिट होण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचारायचे. हा दवाखाना योजनेत आहे का, आणि हा आजार या दवाखान्याला लागू आहे का. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. गावातून फोन करायचा तर टोल फ्री क्रमांक १५५३८८. गाडीत बसण्याआधी हा फोन झाला तर ड्रायव्हर नेईल त्या दवाखान्यात जाण्याची वेळ येत नाही. काही ड्रायव्हर आणि गावठी डॉक्टर कुठे आणि कशासाठी पेशंट पोचवतात, हे वेगळं सांगायला नको.

तातडीच्या रुग्णाला कागदांसाठी ताटकळत ठेवण्याची गरज नसते. रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं, कागद नंतर दिले तरी चालतात. पॅकेजमध्ये ऑपरेशन, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एस.टी. भाडंसुद्धा धरलेलं आहे. म्हणून "ऑपरेशन योजनेत, पण औषधं बाहेरून आणा" असं कुणी म्हटलं तर तिथंच आरोग्यमित्राला सांगा, नाही ऐकलं तर त्याच क्रमांकावर तक्रार करा. पावती जपून ठेवा.

मोठ्या शहरातल्या ट्रस्टच्या दवाखान्यांची गोष्ट वेगळी आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. अत्यवस्थ रुग्ण आला तर त्याच्याकडून डिपॉझिट न मागता जीव वाचवण्याचे उपचार करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे दवाखाने काचेचे, चकचकीत असतात. आपला माणूस दारावरच्या वॉचमनला बघूनच मागे फिरतो. तिथं 'सोशल वर्कर'ची खोली विचारायची, कॅश काउंटरची नाही.

या सगळ्यातून एक मोठं भोक उरतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फुले योजना पैसे देते ते मुख्यत: अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णाचे. शुगरच्या, बीपीच्या, दम्याच्या रोजच्या गोळ्यांचे देत नाही. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळायला हव्यात. मिळतातही, पण साठा संपला की माणूस मेडिकलवर जातो, आणि पैसे संपले की गोळीच बंद करतो. मग दोन वर्षांनी तोच माणूस लकवा होऊन योजनेत अ‍ॅडमिट होतो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून खिशातूनच जातात.

मुलांच्या बाबतीत अशी गळती शाळेतही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. हृदयाला छिद्र, तिरळेपणा, फाटलेला ओठ, कमी ऐकू येणं असं काही सापडलं तर पुढचा इलाज आणि ऑपरेशन मोफत होतं. २०१३ मध्ये या कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. पण जो मुलगा त्या दिवशी गैरहजर, तो वर्षभर राहिला. जो फक्त मदरशात शिकतो, तो या यादीत येतच नाही. मदरशाच्या जिम्मेदारांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज देऊन मुलांच्या तपासणीची विनंती करायला काय हरकत आहे?

रुमालाचं काय करायचं

माझं म्हणणं असं आहे. आपण मोहल्ल्यातून गोळा करतो ते मोठ्या बिलासाठी. ज्या बिलाची रक्कम बऱ्याचदा शून्य असायला हवी होती. आणि जे ११३० रुपये कुठलीच योजना देत नाही, त्यांच्यासाठी कुणी रुमाल अंथरत नाही. कारण "भाईला तीन वेळा जिल्ह्याला जायचंय, रोजी बुडेल" हे जुम्म्याला सांगण्यासारखं मोठं वाटत नाही. लोक ऑपरेशनला देतात, एस.टी.च्या तिकिटाला देत नाहीत.

रमजानमध्ये निघणाऱ्या जकातीतला थोडा हिस्सा, जिथं शरीयतने परवानगी आहे तिथं, मसला उलेमांनी सांगावा, अशा फेऱ्यांसाठी आणि बुडालेल्या रोजीसाठी बाजूला ठेवला तर? आणि मशिदीत एलान करण्याआधी कमिटीतल्या एका तरुणाने १५५३८८ ला फोन लावून विचारायचं, हा आजार योजनेत आहे का. असेल तर रुमाल प्रवासापुरता. नसेल तर रुमाल मोठा अंथरा. कमिटीत कुणी ना कुणी पदवीधर असतोच.

आशाताईंशी ओळख ठेवा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. जिथं ती आपल्याच मोहल्ल्यातली, आपली भाषा बोलणारी असते तिथं बायका मनातलं सांगतात. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून हेच करून दाखवलं. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या बायकांनी गावं बदलली. म्हणून आशाची जागा निघाल्याचं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं, की आपल्या दहावी झालेल्या सुनांनी अर्ज करावा. सासूबाईंनी अडवू नये.

तो मुलगा या जूनमध्ये नववीत परत आला. गॅरेजवर तो अजून संध्याकाळी जातो, कर्ज फिटलेलं नाही. वडिलांना आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. मागच्या आठवड्यात त्याने वडिलांचं रेशनकार्ड आणि आधार दोन्ही वर्गात आणलं आणि मला दाखवलं की 'शेख' दोन वेगळ्या जागी आहे. बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं आधार केंद्रावर जाणार आहोत.